लाल पट्ट्याच्या अलीकडे

"तेरा नळ्यांपैकी बारा ठीक आहेत," डॉ. मुदलियार म्हणाल्या. "एक वाईट. नऊ नंबर."

उनाइसीने वही उघडली. "किती आलाय?"

"अडतीस."

पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. लहान मुलाच्या रक्तात शिशाचा आकडा पाचाच्या आत हवा. वर गेला की मेंदूचं नुकसान होतं आणि ते भरून येत नाही, हे कामगार सुरक्षेच्या पदव्युत्तर वर्गात तिने पहिल्याच सत्रात पाठ केलं होतं.

"नऊ म्हणजे कोण?"

"यादी कपाटात. नियम तूच लिहिलायस, दोघींच्या सह्या झाल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही. किल्ली येऊ दे ऑफिसातून."

उनाइसीला यादीची गरजच वाटत नव्हती. विलीचा मुलगा इलाइसा. दुसरं कोण असणार?

विलीचा नवरा वाइसाले सुवा शहराबाहेरच्या एका कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडायचा. त्यातलं शिसं तिथेच वितळवत. बापाच्या अंगावरून ते घरातल्या मुलांपर्यंत कसं पोचतं, हाच डॉ. मुदलियारांच्या हाताखाली चाललेल्या उनाइसीच्या प्रबंधाचा विषय. बारा घरं तिने निवडली होती. दर शुक्रवारी ती आधी कारखान्यातल्या कपडे बदलायच्या खोलीत जायची, ओणवी होऊन फरशी पुसायची आणि काळाकुट्ट झालेला कापूस पिशवीत भरायची. खोलीच्या दारात लाल पट्टा तिनेच मारून घेतला होता. बूट पट्ट्याच्या पलीकडे, माणूस अलीकडे. एकदा मालकालाही तिने नुसत्या मोज्यांवर आत आणलं. एका मोज्याला भोक होतं. कामगार महिनाभर हसत होते.

तिथून ती घरोघरी जायची. तिथेही बूट दारातच. चटईवर कुणी पायताण घालून जात नाही, मग ती पाहुणी असो की सरकार.

"आलीस परत फॉर्म घेऊन?" विली म्हणायची. "आधी बस. कसावा उकडलाय, खा. शिकून मोठी साहेबीण होशील आणि आमच्याच नवऱ्यांना दंड ठोकशील."

मुलाचं रक्त द्यायला मात्र ती तयार नव्हती.

"आकडा जास्त निघाला की वाइसालेचं काम जाणार. मग पोराला काय घालू, तुझे फॉर्म?"

"काम नाही जाणार गं. कारखान्याला सुधारावं लागेल."

"बोलायला काय जातंय! तुझं पोर दिलं असतंस का सुईखाली?"

त्या दिवशी उनाइसीची मुलगी लोसाना तिच्या कडेवरच होती. तिने लेकीचा हात सोबत आणलेल्या नर्सपुढे धरला. लोसानाने भोकाड पसरलं. नर्सने सवयीने त्याही नळीवर मिसळलेल्या चिठ्ठ्यांमधला एक आकडा चिकटवला, यादीत नाव घातलं. मग विलीने ओठ घट्ट मिटून इलाइसाला पुढे केलं.

दोघं पोरं एकाच आठवड्यात जन्मलेली, सोळा महिन्यांची. इलाइसा सुई टोचताना नर्सलाच काहीबाही सांगत होता. लोसाना अजून एकही शब्द बोलत नव्हती.

"काही पोरं उशिरा बोलतात," विलीने समजूत घातली होती.

आता त्याच विलीला जाऊन सांगायचं होतं.

"हे काय?" डॉ. मुदलियारांनी फॉर्म उचलला. आकडा वाईट आला की आईला विचारायचे प्रश्न उनाइसीने त्यात लिहिले होते. "मी घातलेली पहिली ओळ खोडलीस?"

"'आई, यात तुमची चूक नाही.' मॅडम, ते खरं नाहीये. नवऱ्याचे कपडे बाहेरच्या नळावर धू, हे मी विलीला चार वेळा सांगितलं. धूळ काय स्वतःच्या पायांनी घरात येते?"

"परत लिही ती."

"पण खरं..."

"खरं-खोटं नंतर. ती ओळ ऐकली नाही, तर आई पुढच्या प्रश्नाला उत्तरच देऊ शकत नाही."

उनाइसीने ओळ परत लिहिली. लिहिताना डोळ्यांसमोर काल संध्याकाळ आली. पायरीवर बसून तिने बूट काढले, नेहमीसारखे दाराबाहेर ठेवले. आतून लोसाना धावत आली. हा त्यांचा शुक्रवारचा खेळ. पोरगी दोन्ही हातांनी आईचा मोजा ओढून काढायची, तोंडात कोंबायची आणि पळत सुटायची. हिरड्या शिवशिवत असतील. जेवायला हल्ली नकोच म्हणायची, मोजा मात्र सोडायची नाही. "आईचा पाय खातेस होय गं चोरटे!" म्हणत उनाइसी तिच्या मागे धावली होती, पकडून तिच्या मानेत नाक खुपसलं होतं. इलाइसाही असाच वाइसालेच्या गळ्यात पडत असेल. त्या बापाला कसं सांगायचं, लेकराला जवळ घेऊ नकोस म्हणून?

किल्ली आली. दोघींनी सह्या केल्या. डॉ. मुदलियारांनी पाकीट फोडलं. त्यांचं बोट यादीवरून खाली गेलं आणि थांबलं.

"विलीकडे मीच जाते," उनाइसी उठत म्हणाली.

"विलीचा मुलगा चार नंबर," त्या हळू म्हणाल्या. "तो छान आहे."

उनाइसी मटकन खाली बसली. तिला हसू फुटलं, डोळेही भरले. "देवा! आणि मी त्या बिचारीला मघापासून मनात शिव्या घालतेय. मग नऊ कोण, मॅडम?"

डॉ. मुदलियारांनी यादी पालथी ठेवली. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि खुर्ची ओढून उनाइसीच्या शेजारी बसल्या. एका हाताने त्यांनी तिचा हात धरला, दुसऱ्या हातात फॉर्म घेतला.

"आई, यात तुमची चूक नाही."

"हो मॅडम, लिहिलीय मी ती परत. पण विचारायचं कुणाला?"

त्यांनी हात सोडला नाही. पुढची ओळ त्या सावकाश वाचू लागल्या.

"कामावरचं माणूस दारात आलं, की बाळ सगळ्यात आधी काय तोंडात घालतं?"