गुणाजीच्या पिनाची राखण

रेडी गावच्या गुणाजीच्या नावावर कोणीतरी परस्पर दोन सिमकार्डं काढली, तेव्हापासून त्याने आपली माहिती जपायचा विडाच उचलला. फोनवर कोणी "गुणाजी काय?" म्हणून विचारलं, की "तो भायर गेलो" सांगून हा फोन ठेवून द्यायचा. बँकेचा नवा पिन तर त्याने बायकोलाही सांगितला नाही.

तरी धाकधूक जाईना. शेवटी जत्रेच्या दिवशी नारळ घेऊन तो देवळात गेला आणि लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे मानकरी परशुरामतात्या यांच्या कानाशी लागला.

"तात्यानू, माझ्या पिनाक देवाची राखण व्हयी."

"आकडो सांग," तात्या म्हणाले. "देवाक मोघम सांगान चलना नाय. भलत्याच्याच पिनाक राखण बसतली."

गुणाजीला ते पटलं. त्याने हळूच आकडा सांगितला.

तात्यांनी ढोल थांबवले, माइक तोंडाशी धरला आणि डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ह्या गुणाजीचो बँकेचो पिन चार, सात, शून्य, नऊ! तो कोणाक म्हणून कळाक देऊ नको रे म्हाराजा!"



अख्खी जत्रा एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"