वळचणीखालची जागा

"एका शब्दापायी आख्खी छपाई अडलीय. वापरतंय कोण मेला तो!" आक्का टाइपरायटरपाशी पुटपुटल्या.

लॅटिन कोशाचं शेवटचं बाड संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं. अर्थ नवऱ्यानं लिहायचे, बायकोनं तपासायचे आणि नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कांनी, टाइप करायचे. सगळा घरचाच कारखाना.

"गाळून टाकू," नवरा म्हणाला.

"का हो?" बायकोनं विचारलं.

"असंच. फार दुर्मीळ आहे."

"म्हणूनच तर कोशात हवा. 'घर' आणि 'दार' बघायला कोण कोश घेतंय?"

त्यानं आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी मान हलवली. हिच्यासमोर नको.

बायकोला ती मान पाठ होती. बाळ बारा दिवस जगलं. त्याला तीस वर्षं झाली, तरी या घरात पाळण्याची जाहिरातसुद्धा तिच्यापासून लपवत. तेव्हा शेजारणी तिच्याच गळ्यात पडून रडल्या होत्या आणि तिनं मुकाट्यानं रडू दिलं होतं. आक्का त्या बाळंतपणासाठी म्हणून आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायच्या, "मग इथं टाइप कोण करणार?"

आज हा विषय टळला, तर कायमचाच टळणार, हे तिला कळत होतं. तिनं चष्मा लावला.

"घ्या आक्का. सुग्ग्रुंदारियुम. नाम, नपुंसकलिंगी."

"आपलं मूलही नपुंसकलिंगीच," नवरा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"बहुधा अनेकवचनात येतं. मूळ शब्द सुग्ग्रुंदा, म्हणजे वळचण. अर्थ..." तिचा आवाज खाली आला. "चाळीस दिवस पुरे न झालेल्या बाळाला पुरण्याची, वळचणीखालची जागा."

टाइपरायटर थांबला.

"तू आत जाऊन पड जरा," आक्का म्हणाल्या. "तुझ्या जिवाला लागतं उगाच. मी करते पुरं." बोटं मात्र हलेनात.

"हो, पड जरा," नवऱ्यानं री ओढली. "पाणी आणू तुला?"

एवढी वर्षं सगळ्यांनी तिलाच जपलं होतं. ती उठली, आक्कांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांचे गार पडलेले हात तिनं आपल्या हातांत घेतले.

"आक्का, आता तरी रडा हो. बाळ तुमचं होतं. मी नुसतं आई म्हणवून घेतलं."