चौथा कोपरा

धाकटीच्या सरावाच्या खोलीत चेलोचे खालचे सूर कोपऱ्यांत साचून घुमायचे, म्हणून चार कोपऱ्यांसाठी ते घुमणं शोषून घेणारे चार बेस ट्रॅप मी तयार केले. लाकडी चौकट, आत आवाज जिरवणारं लोकरीसारखं रॉकवूल, वरून कापड. तीन नीट भरले. चौथा रिकामाच ठेवून त्यावर कापड ताणून ठोकलं. लहानपणी आम्ही दोघी एकाच बाईंकडे चेलो शिकायचो आणि बाईंनी पुढचं शिकवायला हिला एकटीलाच ठेवून घेतलं होतं. लाडकी होती ना! चारही ट्रॅप दिसायला सारखेच होते. यंत्राने मोजल्याशिवाय फरक कुणालाही कळला नसता.

धाकटीने डोळे मिटून एकच सूर लांबवला. मग चेलोच्या गजाने खिडकीजवळचा, चौथ्या ट्रॅपचा कोपरा दाखवला.

"ताई, त्यातलं रॉकवूल कमी पडलं का गं?"

मी खरचटलेले हात पाठीमागे घेतले.

"अगं, असू दे. उद्या आणून भरू. माझ्यासाठी हात सोलून घेतलेस, तेवढं पुरे."

हिला लाडापायी निवडलं म्हणून बाईंवर तीस वर्षं धरलेला राग त्या एका सुराने संपवला. हेवा तेवढा उरला.