वत्सलाबाईंची पांढरी बाजू

“मावशी, पांढरी बाजू तुमच्याकडे, लाल बाजू जीवनकडे,” असं म्हणत ललितने टेबलातल्या शेगडीवर भांडं ठेवलं.

पसरट भांडं, मधोमध पत्र्याची भिंत. एका बाजूला कोंबडीचा साधा पांढरा रस्सा, दुसऱ्या बाजूला लालभडक, वर मिरच्या तरंगणारा. ताटल्यांत कच्च्या भाज्या आणि कोंबडीचे पातळ काप. हवं ते उचलायचं, हव्या त्या रश्श्यात शिजवायचं आणि गरम गरम खायचं.

“म्हंजी पाव्हण्याला बोलवायचं आन् रांधायलाबी त्यालाच लावायचं!” जीवनची आई वत्सलाबाई म्हणाली. “बरंय बाबा तुमचं.”

ललित हसला. तो जीवनचा कॉलेजातला मित्र. आठ वर्षं सिंगापूरच्या हॉटेलांत काढून त्याने गंगापूर रोडला हे चिनी हॉटेल थाटलं होतं. लाल रश्श्यातल्या मिरच्या वत्सलाबाईच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या. एकदा तरी येऊन जेवा, असा त्याने वर्षभर धोशा लावला होता. शेवटी आज संध्याकाळी जीवन आईला स्कूटरवर बसवून घेऊन आला.

“मिरची तुमची, आणि तुम्हालाच चालत नाही,” ललित हळहळला. “नवस म्हणजे नवस, काय करणार!”

तो दुसऱ्या टेबलाकडे गेला. जीवन लाल रश्श्यात उगाच चमचा फिरवत राहिला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचा गणिताचा पेपर. जीवनचा निम्मा अभ्यासही झाला नव्हता. बाप लवकर गेलेला, आई एकटी मळा सांभाळून शिकवत होती. नापास झालो हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? पेपरच्या सकाळी त्याने पोट धरलं आणि अंगणात गडाबडा लोळला. आईने शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला दवाखान्यात नेलं. त्याला वाटलं होतं, एखादं इंजेक्शन देतील आणि घरी पाठवतील. त्यांनी सलाइन लावून ठेवून घेतलं. एकदा कण्हायला लागलेल्या माणसाला मध्येच थांबता येत नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. ती आत आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता. जीवनकडे तिने धड पाहिलंही नाही. तशीच निघाली, त्र्यंबकेश्वरची एसटी धरली आणि संध्याकाळी परतली ती तिखट सोडूनच. नवस काय बोलली, ते तिने कुणाला सांगितलं नाही; तो फिटेपर्यंत सांगायचा नसतो. पण सगळ्या भावकीला कळायचं ते कळलं. लेकाचा जीव वाचावा म्हणून माउलीने तिखट सोडलं!

आणि ही बाई कशी, तर भाकरीवर नुसता ठेचा घेऊन जेवणारी. तेव्हापासून दूध-भाकरी, नाहीतर बिनतिखटाची डाळ. मिरच्या तोडून हातांची आग व्हायची, पण जिभेला मिरची ठाऊक नाही.

जीवन ऑक्टोबरला पास झाला, पुढे शिकला, नोकरीला लागला. दर वर्षी ठरवायचा, यंदा सांगून टाकायचं. पण तू फुकट उपाशी जिभेने जगलीस, हे आईला सांगायला छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती. आई मात्र अधूनमधून हातातलं काम थांबवून विचारायची, “जीवन, तवा नेमकं कुठं दुखत व्हतं रं?” तो कधी डावीकडे बोट ठेवायचा, कधी उजवीकडे. ती “बरं” म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची.

आता तिने कोबीचं पान पांढऱ्या रश्श्यात बुडवलं, फुंकून खाल्लं. मग जरा पुढे वाकली. लाल बाजूची वाफ तिच्या तोंडावर आली. तिने डोळे मिटले आणि ती वाफ पोटभर हुंगली.

जीवनला ते बघवेना. त्याने चमचा खाली ठेवला.

“आई, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल की.”

“बारावीला माझं पोट दुखत नव्हतं.”

आईने डोळे उघडले.

“अभ्यास झाला नव्हता. मी नाटक केलं. तू नवस बोलून आलीस आणि मग माझी जीभच रेटेना. बारा वर्षं माझ्या खोटेपणापायी तू...” पुढचं त्याला बोलवेना. तीस वर्षांचा बाप्या, आजूबाजूला चार माणसं जेवत असताना, लहान पोरासारखा रडायला लागला.

“जराबी दुखत नव्हतं?” आईने विचारलं.

“नाही.”

“कुनी सांग म्हनलं का तुला आज? ललितनं, तुझ्या बायकूनं?”

“नाही गं. कुणालाच माहीत नाही. मीच सांगतोय.”

आईने समोरची ताटली बाजूला सारली. आता ही उठून जाणार, असं जीवनला वाटलं. तसं झालं असतं तरी त्याची तक्रार नव्हती.

तिने पदराने डोळे टिपले. मग तोच पदर हाताला गुंडाळून भांड्याचा कान धरला आणि भांडं अलगद फिरवलं. लाल बाजू तिच्यासमोर आली. तिने कोंबडीचा एक काप त्यात सोडला.

“अहो मावशी, ती तिखट बाजू!” ललित पळत आला. “तुमचा नवस!”

“फिटला,” आई म्हणाली. तिने शिजलेला काप तोंडात घातला आणि सावकाश चावून खाल्ला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“आई, असा कसा फिटला?” जीवनने विचारलं.

“पोरगं धडधाकट हाय, नाटक करतंय, हे डाक्टरनं तिसऱ्या दिशीच सांगितलं व्हतं,” आई म्हणाली. “हा आपल्या तोंडानं खरं सांगीन, तवर तिखटाला शिवनार नाय, असं बोलले व्हते मी देवाला.”