पाच चेहरे

गोगल चिमटा हातात धरून तक्त्यासमोर उभी होती आणि तिच्यामागे अख्ख्या चौथीची रांग खोळंबली होती.

चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा, साधा लाकडी. प्रत्येक मुलाचा एक. सकाळी वर्गात शिरताना तो तक्त्यावरच्या पाच चेहऱ्यांपैकी एकाला लावायचा. म्हणजे आज कोणाचं मन कसं आहे ते बाईंना कळतं, मूल खंबीर होतं आणि वर्ग त्याला आपला वाटायला लागतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. प्रशिक्षणात जेवण बरं होतं, त्यामुळे कोणी वाद घातला नव्हता. चेहरे चित्रकलेच्या सरांनी काढून दिले. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला आणि शांत. पैकी शांत चेहरा पोटात गॅस धरल्यासारखा वाटत होता, आणि रागावलेला थेट मुख्याध्यापकांवर गेला होता. मुलांना तोच फार आवडायचा. कागदोपत्री चौथीतली निम्मी मुलं रोज सकाळी संतापलेली असत.

"गोगल, लाव ना," बाई म्हणाल्या.

गोगलगायीच्या चालीने डबा खाते म्हणून ती गोगल. नाव वर्गाने ठेवलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. आपल्या चिमट्यावर तिने स्वतःच एक गोगलगाय काढली होती. ते सगळं आई जायच्या आधी.

गोगलने पाचही चेहरे नीट पाहिले.

"यातला नाहीये."

"दुःखी लाव की. चालेल."

"तो रडतोय."

"मग?"

"मला रडायला येत नाही," ती म्हणाली. मला पोहायला येत नाही म्हणावं, तशी.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तिची मावशी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. काल आणि परवाही गोगल अशीच तक्त्यापाशी उभी राहिली होती आणि मधल्या सुट्टीत घरी गेली होती. आज मावशीने आल्या आल्या बाईंना सांगून टाकलं होतं, "आज बसली तर बसली. नाहीतर नाव काढून घेते, पुढच्या वर्षी बघू. रोज कोपऱ्यात उभी करून ठेवायला ती काय छत्री आहे?"

तेवढ्यात मुख्याध्यापक दारातून डोकावले.

"अजून रांगच? बाई, चिमटा लावल्याशिवाय कोणालाही बसवायचं नाही हं. नियम सगळ्यांना सारखा. आपलेपणा असा सैल सोडून चालत नाही."

जाता जाता त्यांनी रागावलेल्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. या गृहस्थांना कुठेतरी भेटलोय, असा त्यांचा चेहरा झाला. मग ते गेले.

गोगलने चिमटा उघडला आणि आपल्याच बोटाला लावला. उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग पांढरं. ते बोट दुसऱ्या कोणाचं तरी असावं, तशी ती बघत राहिली.

बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. प्रशिक्षणात हे आलं नव्हतं.

"दुखत नाही का गं?"

"नाही."

रांग मोडून रेडिओ पुढे आली. रेडिओ म्हणजे गोगलच्या बाकावरची मुलगी. तिला बंद करायचं बटण नव्हतं.

"आत्ता नाहीच दुखणार बाई," ती म्हणाली. "मी एकदा नाकाला लावला होता. लावलेला असतो ना, तोवर आपल्याला नाक आहे की नाही तेपण कळत नाही. काढला की दुखतं. मग लई दुखतं."

"मग मी काढतच नाही," गोगल म्हणाली.

"नको काढूस. पण त्या हाताने लिहिणार कशी? डाव्याला लाव. दोन दिवस मी एकटी गणितं करतेय. सगळी चुकली. शेजारी बघायला कोणीच नाही."

बाईंनी हे शेवटचं वाक्य ऐकलं नाही असं ठरवलं.

गोगलने थोडा विचार केला. उजव्या बोटाचा चिमटा काढला, डावं बोट पुढे केलं आणि तशीच थांबली. बोटावर दोन खाचा उमटल्या होत्या. त्यांच्यात हळूहळू रंग भरत होता.

"स्स," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "दुखतंय."

"मी काय सांगत होते?" रेडिओने तिचं दप्तर उचललं आणि बाकाकडे चालू लागली. गोगल ते बोट दुसऱ्या मुठीत धरून तिच्यामागून गेली आणि बसली. तक्त्यावर तिचा चिमटा नव्हता. बाईंनी तक्त्याकडे पाठ केली, रांग आत सोडली आणि त्या बाहेर आल्या.

मावशी उठून उभी राहिली. मांडीवरची पर्स आता खांद्याला होती.

"रडली का?"

"नाही."

"मग?"

"दुखतंय म्हणाली."

मावशीने दारातून आत पाहिलं. रेडिओ गोगलच्या बोटावर फुंकर घालत होती आणि तेवढ्यातही काहीतरी सांगत होती. गोगलचं लक्ष बोटाकडे होतं.

मावशी दाराची चौकट धरून उभी राहिली.

"घ्यायला कितीला येऊ?" तिने विचारलं.