नमुन्याची छाती

“शर्ट काढा,” डॉक्टर लेपोसावा म्हणाल्या. “तुम्ही नाही हो आजोबा. तुमचा मुलगा.”

वुकोमान भिंतीपाशी उभा होता. आई याच इमारतीत वारली, तेव्हापासून तो इथल्या खुर्चीवरसुद्धा बसत नसे.

“आजारी ते आहेत,” त्याने पलंगाकडे बोट दाखवलं.

“तेवढं कळतं मला. पण ही पोरं शिकायला आलीत. धडधाकट हृदय कसं वाजतं, ते नको का ऐकायला? बापासाठी घटकाभर छाती उसनी द्या.”

पलंगावरचा रादिसाव चीज भरलेली पोळी खात होता. स्वतःची संपवून तो आता मुलाच्या पोळीकडे वळला होता. गेल्या आठवड्यात मिरच्या विकायला एकटाच शहरात आला, छातीत काहीतरी झालं म्हणे, म्हणून स्वतःच्या पायांनी हृदयविभागात शिरला आणि आज मुलाला घेऊन परत आला. डॉक्टरांसाठी धुरावलेल्या मांसाची अख्खी मांडी आणली होती. आमच्या टेकडीवरची माणसं मोठ्या डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

विद्यार्थी एकेक करून वुकोमानच्या छातीला नळी लावू लागले. आधी त्यांची कुजबुज चालू होती. ती थांबली. चेहऱ्यावर ठिपके असलेली एक मुलगी दोनदा ऐकून गेली.

“काय गं, बँड वाजतोय का आत?” वुकोमानने विचारलं.

ती हसली नाही. शहरातल्या पोरींना थट्टा कळत नाही, असं त्याने मनात म्हटलं.

“आजोबांना नक्की होतं काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्यालाच विचारा, डॉक्टरीणबाई,” रादिसाव तोंडातला घास न गिळताच म्हणाला. “मला नाही नीट सांगता येत.”

वुकोमानने सांगितलं. बागेतला चढ चढताना छाती आवळते. मग कानात गूं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, झाडाला धरून उभं राहावं लागतं. त्याच्या लेकीच्या, यागोदाच्या शाळेतला मास्तरही इतकं स्वच्छ सांगू शकला नसता.

“तुम्हाला होतं का असं?”

“मला काय धाड भरलीय! दम लागतो कधी. सिगारेटचा.”

“झडपेचं हे दुखणं घराण्यात उतरतं. तुमचीही यंत्रावर तपासणी करून टाकू.”

बापासाठी म्हणून तो तेवढ्यापुरता आडवा झाला, तोही बूट घालूनच.

नंतर डॉक्टर त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या. “झडप दगडासारखी झालीय. रक्त जायला जेमतेम फट उरलीय. लवकर बदलली तर पुढची कितीतरी वर्षं हातात आहेत. नाहीतर असाच एखादा चढ, आणि सगळं आटोपलं.”

वुकोमानने खिडकीची चौकट धरली. “बाबांना बोलू नका. घाबरतील.”

“आपल्याकडे रोग्याला शेवटीच कळतं,” डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

ते खरंच होतं. आईला शेवटपर्यंत पित्तच सांगितलं होतं, आणि सांगणारा वुकोमानच होता.

तो आत आला तो हसतमुखाने. “बाबा, किरकोळ दुरुस्ती आहे. मोटारीचा वॉशर बदलतात ना, तसं.”

“मग मोटारीचाच बदल. मी नाही छाती फाडून घेणार.”

“हट्ट करू नका हो!”

“हट्ट? आणि हे कोण बोलतंय? खुर्चीवर टेकायला ज्याची फाटते, तो?” रादिसावने मिशीवरचे कण झटकले. “माझ्या जागी तू असतास तर दारापर्यंत तरी थांबला असतास का?”

“थांबलो असतो!”

“थापाड्या.”

“ती झडप माझ्या छातीत असती ना बाबा, तर आत्ता, इथेच दाखल झालो असतो. हूं की चूं केलं नसतं.”

“नुसतं तोंडाने?”

वुकोमानचा आवाज फाटला. “यागोदाची शपथ!”

मुलांच्या नावाची शपथ मोडणाऱ्याच्या हातचं आमच्याकडे कुणी मीठसुद्धा घेत नाही.

“ऐकलंत ना डॉक्टरीणबाई?” रादिसावने विचारलं.

“ऐकलं, आजोबा.”

“चला तर मग,” वुकोमानने डोळे पुसले. “आता तुमची पाळी.”

म्हाताऱ्याने पाय खाली सोडले. बूट चढवले. उशीवरचे पोळीचे तुकडे झाडले, चादर हाताने सपाट केली आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. नर्स चाकाची खुर्ची ढकलत आत आली, त्याला वळसा घालून पुढे गेली आणि वुकोमानच्या गुडघ्यांपाशी थांबली.

“बस, पोरा,” रादिसाव म्हणाला. “झाडाला धरून उभं राहताना मी तुलाच बघितलंय. आता मी उभा राहतो.”