डावा, उजवा, भेंडी

डब्यातली भेंडी. धरणाच्या पोटातले दोन बोगदे, डावा आणि उजवा. बारा वर्षांपूर्वी उलट जोडलेल्या दोन वायरी.

त्या वायरींमुळे झिरपणाऱ्या पाण्याची नोंद कायम चुकीच्या बोगद्याच्या नावाखाली पडायची. आज सकाळी शहरातल्या ऑफिसात बसून हेमांगीने सी या संगणकभाषेतली तयार आज्ञांची लायब्ररी वापरून ती चूक निस्तरली. एका नावाचे दोन रकाने लायब्ररी घेत नाही. म्हणून तिने ‘डावा’चं नाव घटकाभर ‘भेंडी’ केलं, ‘उजवा’चं ‘डावा’, मग ‘भेंडी’चं ‘उजवा’. दोन्ही रकाने नव्या फाइलमध्ये हलवले; इथला आणि धरणावरचा पडदा आता तीच फाइल वाचणार होता. दुपारी तिने डबा उघडला.

घास तोंडात असतानाच पडद्यावर ‘डावा’ लाल झाला. पाणी झपाट्याने चढत होतं. तिने धरणावर फोन लावला.

“ढमालेकाका, डाव्या बोगद्यात पाणी!”

“दिसलं की, बाई. माणसं पंप घेऊन उजव्यात उतरलीसुद्धा.”

“उजव्यात?”

“तुमचा कॉम्प्युटर उलटं बोलतो. बारा वर्षं आम्ही सरळ करून वाचतोय.”

“काका, मी आज ते सरळ केलंय.”

“अरे देवा! डाव्यात जालिंदर जेवायला बसलाय!”

पलीकडे खुर्ची पडली. ढमाल्यांच्या हाका लांब लांब गेल्या. फोन सुरूच होता. तिच्या बोटांवरची भाजी सुकली.

बऱ्याच वेळाने कुणीतरी धापा टाकत फोन उचलला. “जालिंदर बोलतोय. डबा वाहून गेला, बाई.”

काम झाल्याचा मेल तिने सकाळी साडेदहाला सात साहेबांना पाठवला होता. धरणावर एकालाही नाही.